केप हॅटरस: दीपगृह हलवायला २३ दिवस, ठरवायला ६० वर्षं

नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या मराठी मंडळींना आउटर बँक्स काही नवीन नाही, लाँग वीकेंड आला की रॅली-कॅरीतली निम्मी जनता तिकडेच पळते. आम्हीही गेलो होतो, साडेचार तास गाडी हाकत, मागे डबे, ठेपले, छत्री आणि "अजून किती?" हा अखंड जप. केप हॅटरसच्या त्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या दीपगृहावर चढायचं असा लेकीचा हट्ट होता आणि तिथे पोचतो तर काय, दुरुस्ती चालू, परांची बांधलेली, वर जायला बंदी. ती रुसून बसली. मग तिला सांगितलं की हे दीपगृह आधी इथे नव्हतंच, तिकडे समुद्राजवळ होतं, उभंच्या उभं सरकवत इथे आणलंय. तर म्हणते, "बाबा, गंमत करतोस ना? याला चाकं कुठेत?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी आयटीवाला, बांधकामातलं मला शष्प कळत नाही, पण रत्नागिरीत भगवती बंदराच्या दीपगृहाखाली वाढलेला माणूस असल्यामुळे या विषयाचा किडा डोक्यात आहेच. परत आल्यावर महिनाभर मिळेल ते वाचत सुटलो. लोक यातला हलवण्याचा पराक्रम तेवढा सांगतात, मला मात्र त्याआधीची हेळसांड, धरसोड आणि भांडणं जास्त इंटरेस्टिंग वाटली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. आउटर बँक्स म्हणजे मुख्य भूमीपासून सुटलेली वाळूच्या बेटांची लांबलचक माळ, एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला उथळ खाडी. हॅटरसला ही माळ कोपरासारखी वाकते आणि त्या कोपरापासून समुद्रात मैलोन् मैल वाळूचे दांडे गेलेत, त्यांना डायमंड शोल्स म्हणतात. दक्षिणेकडून गरम गल्फ स्ट्रीम येतो, उत्तरेकडून थंड पाणी येतं, दोन्हीची गाठ इथेच. शिडाच्या जहाजांना इथूनच वळावं लागायचं आणि दांडे पाण्याखाली कुठे सरकलेत ते कोणालाच दिसायचं नाही. या टापूला अटलांटिकचं स्मशान म्हणतात ते काय उगाच नाही, अमेरिकेच्या यादवी युद्धातली प्रसिद्ध चिलखती बोट मॉनिटर १८६२ च्या डिसेंबरअखेर इथेच बुडाली.

पहिलं दीपगृह १८०३ मध्ये पेटलं. दगडी, ९० फुटांचं, वर देवमाशाच्या तेलाचे दिवे. ते इतकं मिणमिणतं होतं की १८५१ मध्ये डेव्हिड पोर्टर नावाच्या नौदल अधिकाऱ्याने, किनाऱ्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा दिवा हा आणि जगातला सगळ्यात भिकार दिवाही हाच, अशा अर्थाचं सरकारला लिहून दिलं. मग उंची १५० फुटांपर्यंत वाढवली, फ्रेनेल भिंग (लोलकांच्या कड्यांनी प्रकाश एकवटून लांब फेकणारं) बसवलं, पण मूळ बांधकामच थकलेलं. शेवटी १८६८ ला नवीन मनोऱ्याचं काम सुरू झालं आणि १६ डिसेंबर १८७० ला तो पेटला. साडेबारा लाखांच्या आसपास विटा, वर बाल्कनीपर्यंत २५७ पायऱ्या, आजही अमेरिकेतलं सगळ्यात उंच विटांचं दीपगृह हेच. जुन्याला दोन महिन्यांनी सुरुंग लावून पाडलं. ते नागमोडी पट्टे १८७३ चे, दिवसा लांबून ओळखू यावं म्हणून, शोभेसाठी नाहीत.

आता पाया. हा भाग मला फार आवडला. डेक्स्टर स्टेट्सन नावाचा माणूस कामावर होता. खड्डा खणला तर थोड्याच फुटांवर पाणी, आणि त्याखालची वाळू अशी घट्ट बसलेली की लाकडी खांब ठोकून आत जाईनात. मग गड्याने काय केलं, पाणी उपसत ठेवून तळाशी पिवळ्या पाइनच्या जाड तुळया आडव्याउभ्या अंथरल्या, त्यावर ग्रॅनाइटचे चिरे रचले, त्यावर मनोरा. म्हणजे ४८०० टनांचं धूड चक्क लाकडाच्या चटईवर! मी हे आमच्या दादाकाकांना फोनवर सांगितलं, त्यांनी आयुष्यभर विहिरी बांधल्या, मला वाटलं थक्क होतील. ते शांतपणे म्हणाले, "त्यात काय मोठं, आपण विहिरीच्या तळाला जांभळीचं लाकूड घालतोच की. सतत पाण्यात राहिलं तर लाकूड कुजत नाही. नाहीतर कायम कोरडं ठेव. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं झालं की मेलं." अगदी हेच! गोड्या भूजलात बुडालेली ती पाइन शंभर वर्षांनीही ठणठणीत होती, फक्त तिच्याभोवतीचं ते गोडं पाणी टिकायला हवं होतं. समुद्र जवळ आला की पहिला घाला नेमका तिथेच बसणार, भिंतीवर लाटा आपटणं ही नंतरची गोष्ट.

आणि समुद्र येतच होता. १८७० ला पाणी दीपगृहापासून १५०० फूट लांब होतं. १९१९ पर्यंत सुमारे ३०० फूट उरलं, १९३५ ला जेमतेम १००. यात समुद्राचा दोष नाही हो, ही बेटंच मुळात चालती आहेत. वादळात लाटा बेटावरून आरपार जातात, समुद्राकडची वाळू उचलून खाडीकडे टाकतात, असं करत अख्खं बेट हळूहळू पश्चिमेला सरकतं, हजारो वर्षं हेच चाललंय. बेट सरकत होतं आणि दीपगृह तेवढं जागच्या जागी उभं. आपण म्हणतो समुद्राने जमीन खाल्ली, प्रत्यक्षात जमीन पुढे निघून गेली होती.

१९३६ च्या मे महिन्यात दीपगृह खात्याने हात टेकले. मनोरा सोडून दिला आणि आतल्या बक्स्टनच्या जंगलात लोखंडी सांगाडा उभारून त्यावर दिवा लावला. जहाजांचं काम भागलं. पण इथून पुढची चौदा वर्षं वाचताना मला खरी चिडचिड झाली. मनोरा गेला राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे. त्यात वर बसवलेलं ते पॅरिसमध्ये घडवलेलं पहिल्या श्रेणीचं, म्हणजे मोठ्यातल्या मोठ्या मापाचं फ्रेनेल भिंग, जवळजवळ दोन पुरुष उंच, पितळी चौकटीत शेकडो लोलक, एकेक हाताने घासलेला. दिवा हलवताना ते काही काढून नेलं नाही, तिथेच राहिलं. ज्यांना ते वापरता येत होतं त्यांना आता नको होतं, आणि ज्यांच्या ताब्यात गेलं त्यांच्याकडे तेव्हा राखायला ना माणसं ना पैसा, त्यांचं हॅटरसचं उद्यान १९३७ ला फक्त कागदावर मंजूर झालेलं, प्रत्यक्षात उभं राहिलं १९५३ ला. युद्धात तटरक्षक दलाने जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवायला मनोरा वापरला, तेवढीच काय ती वर्दळ. बाकी ये-जा करणाऱ्यांनी आठवण म्हणून लोलक काढून नेले, कोणी एक, कोणी दोन. कोणी दरोडा घातला नाही, नुसते खिसे भरले! १९४९ पर्यंत भिंगाची पार रया गेली होती, जे उरलं ते उतरवावं लागलं. त्याची चौकट आणि उरलेले लोलक आज हॅटरस गावातल्या म्युझियममध्ये आहेत, भोकं पडलेल्या मधाच्या पोळ्यासारखे. समुद्राने या दीपगृहाचा एक दगड नेला नव्हता तोपर्यंत, जे गेलं ते माणसांनी नेलं, आणि तेही दोन सरकारी खात्यांच्या मधल्या फटीतून.

मधल्या काळात बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनांमधून तिथे वाळूच्या टेकड्या उभारल्या होत्या, गवत लावलं होतं, पाण्यात आडवे बांध घातले होते. आणि खरंच किनारा थोडा सावरला, पुळण रुंद झाली. १९५० च्या जानेवारीत दिवा परत मनोऱ्यात आणला, भिंगाच्या जागी विमानतळावर असतो तसा फिरता बीकन. सगळ्यांना वाटलं जिंकलो. माझ्या मते पुढच्या तीस वर्षांच्या चुकीचं मूळ या आनंदात आहे, कारण यातून सगळ्यांनी एकच धडा घेतला की किनारा धरून ठेवता येतो.

मग धरून ठेवायचे प्रयोग सुरू. साठच्या दशकात बाहेरून वाळू आणून ओतली, ती गेली. नायलॉनच्या वाळूच्या गोण्या रचल्या. १९६९ ला नौदलाने, कारण शेजारीच त्यांचा तळ होता, समुद्रात काटकोनात तीन बांध काढले. या बांधांची गंमत अशी की किनाऱ्यालगत वाहत जाणारी वाळू ते अडवतात, म्हणजे अलीकडे पुळण जरा साचते आणि पलीकडच्याच्या तोंडचा घास जातो. शेजाऱ्याचा नळ बंद करून आपली टाकी भरायची तसं. दीपगृह शेवटच्या बांधाच्या जवळ होतं, त्याच्या दक्षिणेला किनारा आत घुसत गेला. ऐंशीच्या दशकात तर तळाशी प्लॅस्टिकचं खोटं समुद्री गवत लावून बघितलं, त्यात वाळू अडकेल म्हणून. लोकांनी त्यासाठी वर्गण्याही दिल्या, भाबडेपणाने का होईना.

धोक्याची घंटा वाजली ती १९८० च्या मार्चमधल्या वादळात. १८०३ च्या पहिल्या दीपगृहाचा पाया तोवर पुळणीवर शिल्लक होता, तो एका वादळात वाहून गेला. थोरल्या भावाची चिता बघितल्यासारखं झालं असणार.

त्यानंतर एकोणीस वर्षं वाद. लष्कराच्या अभियंत्यांचा प्लॅन असा की दीपगृहाभोवती काँक्रीटची आणि दगडांची भक्कम भिंत बांधायची, आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात त्याचाच दांडगा अवतार. भिंत टिकलीही असती. पण तिच्या दोन्ही बाजूंनी किनारा मागे सरकतच राहिला असता आणि काही दशकांत दीपगृह समुद्रात एकटंच बेट होऊन बसलं असतं. कल्पना करायची गरज नाही, खाली साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनजवळचं मॉरिस आयलंडचं दीपगृह जाऊन बघा, १८७६ चं, बांधलं तेव्हा जमिनीवर होतं. बंदरासाठी लांब बांध घातले, वाळूचा पुरवठा तुटला, बेट झिजलं, १९६२ ला दिवा बंद आणि आज मनोरा पाण्यात उभा, जरासा कललेला. फोटोत सुंदर दिसतो म्हणा.

उलट बाजूला डेव्हिड फिशेट्टी नावाचे स्ट्रक्चरल इंजिनिअर होते, ते म्हणत होते हलवा. ड्यूक विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ ऑरिन पिल्की म्हणत होते हलवा, हा किनारा कोणाच्या बापाला धरता येणार नाही. लोकांनी वेड्यात काढलं. विटांचा दोनशे फुटी मनोरा, खाली लाकूड, सव्वाशे वर्षांचा चुना, तो उचलणार? पण १९८८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सगळे पर्याय तपासून हलवणंच सर्वात शहाणपणाचं ठरवलं, पुढच्या वर्षी पार्क सर्व्हिसने ते मान्य केलं आणि मग... काहीच नाही. पैसे नाहीत. फाइल बसून राहिली. १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी पुन्हा अभ्यास करून तेच सांगितलं, आता लवकर हलवा. १९९८ ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पैसा दिला. दहा वर्षांत शास्त्रात काही बदललं नव्हतं, मधल्या काळात भीती तेवढी पिकली.

स्थानिकांचा विरोध मात्र मला नुसता अडाणीपणा वाटत नाही, हे सांगितलंच पाहिजे. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, कोर्टात जाऊन स्थगिती मागितली होती, मिळाली नाही. त्यांचं म्हणणं एक तर हे पडेल, आणि पडलं तर तुम्ही जाल घरी, आमचं काय. दुसरं, ज्यांच्या पणजोबांनी तिथे रात्री जागून वाती कापल्या त्यांच्यासाठी दीपगृह म्हणजे ती जागाच होती, नुसत्या विटा नव्हेत. देऊळ हलवायचं म्हटल्यावर आपल्या गावात काय होईल विचार करा. आणि तिसरं, जे उघड कमी बोललं जायचं पण मला वाटतं सगळ्यात खरं होतं: सरकारने एवढ्या लाडक्या दीपगृहासाठीसुद्धा किनारा राखायचा नाही असं एकदा ठरवलं, तर उद्या आमच्या घरांसाठी, रस्त्यासाठी कोण राखणार? ती भीती खरी ठरली. गेल्या काही वर्षांत याच बेटावरच्या रोडांथेला आणि मग खुद्द दीपगृहाच्या बक्स्टन गावात समुद्रकाठची घरं खांबांसकट पाण्यात कोसळली, व्हिडिओ तुम्ही बघितलेच असतील.

आता लेकीच्या चाकांच्या प्रश्नाचं उत्तर. काम मिळालं बफेलोच्या इंटरनॅशनल चिमनी कंपनीला, म्हणजे मूळ धंदा कारखान्यांच्या चिमण्यांचा. नाव ऐकून हसू येतं पण उंच, पोकळ, विटांची वस्तू यांच्याइतकी कोणाला कळणार? त्यांनी १९९३ ला ब्लॉक आयलंडचं आणि १९९६ ला केप कॉडची दोन दीपगृहं हलवलेली होती, जोडीला घरं हलवणारी एक कंपनी. आधी पायाचे ग्रॅनाइटचे थर टप्प्याटप्प्याने कापून काढले आणि तेवढ्या तेवढ्या भागात पोलादी टेकू घातले, म्हणजे पूर्ण वजन कुठल्याच क्षणी अधांतरी नाही. मग खाली तुळयांची चौकट, शंभर हायड्रॉलिक जॅक, आणि एकाच वेळी सगळ्यांना दाब देत सहा फूट वर उचललं. जॅक तीन गटांत जोडलेले होते, म्हणजे मनोरा जणू तिपाईवर. चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तिपाई कधी डुगडुगत नाही, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. खाली पोलादी रूळ, त्यावर रोलर, मागून ढकलणारे जॅक एका दमात पाच फूट सरकवायचे, मग पुढे नेऊन पुन्हा रूळाला चावे घ्यायचे, पुन्हा पाच फूट. पुढे झाल्यावर मागचे रूळ उचलून पुढे टाकायचे. आणि रूळांना वंगण म्हणून काय लावलं माहितीये? आयव्हरी साबण! साधा अंगाचा साबण. मनोऱ्यावर सगळीकडे सेन्सर, कल किती, कंप किती, एकेक आकडा कॉम्प्युटरवर.

१७ जून १९९९ ला हललं, ९ जुलैला पोचलं. २३ दिवस, २९०० फूट. रोज हजारो लोक खुर्च्या टाकून बघत बसायचे आणि दिसायचं काहीच नाही, कारण वेग गोगलगायीलाही लाज वाटेल असा. नव्या जागी साठ बाय साठ फुटांचा चार फूट जाड काँक्रीटचा ओटा तयार होता. मनोऱ्याबरोबर रखवालदारांची घरं, तेलाची खोली, पाण्याच्या टाक्या, सगळं बिऱ्हाड त्याच मांडणीत हलवलं. खर्च १ कोटी १८ लाख डॉलर. समुद्र पुन्हा जवळपास १६०० फुटांवर, म्हणजे १८७० सारखा. ऑगस्टअखेर डेनिस नावाचं वादळ आलं आणि नेमकं केप हॅटरससमोर घुटमळत राहिलं, जायचं नावच घेईना. दोन महिने उशीर झाला असता तर, नको तो विचार. १३ नोव्हेंबरला दिवा परत लागला.

इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात, टाळ्या. पण २००१ मध्ये आतल्या लोखंडी जिन्याच्या पायरीचा तुकडा निखळून खाली पडला आणि मनोरा २००३ पर्यंत पर्यटकांना बंद झाला. खारा वारा लोखंडाला सोडत नाही, दीपगृह समुद्रापासून किती फूट लांब आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. २०२२ मध्ये पुन्हा वर जायला बंदी आली, आणि २०२३ ला जाहीर झालेलं दुरुस्तीचं काम १ कोटी ९२ लाख डॉलरचं. त्यात गंजलेलं लोखंड बदलायचं, विटांची डागडुजी, जुना रंग खरडून नवीन द्यायचा, आणि वर फ्रेनेल भिंगाची हुबेहूब प्रतिकृती बसवायची. आकडे नीट बघा, महागाई धरूनही. उचलून पाऊण किलोमीटरहून लांब नेण्याचा खर्च एकीकडे आणि नंतर वीस-पंचवीस वर्षांनी निघालेल्या दुरुस्तीचा दुसरीकडे. आणि जे भिंग खिशाखिशाने गेलं, त्याची आता नक्कल करून घ्यायची वेळ आली.

आपल्याकडे २०२१ च्या नव्या कायद्यात वारसा दीपगृह असा प्रकार आलाय, चांगली गोष्ट आहे. आग्वादचं १८६४ चं जुनं दीपगृह १९७६ ला बंद झालं आणि शेजारी नवीन आलं, म्हणजे दिवा गेला की इमारतीचं वाली कोण हा हॅटरसचा १९३६ चा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही.

निघताना आम्ही मनोऱ्याच्या बाजूला अर्धगोलात मांडलेल्या ग्रॅनाइटच्या दगडांवर बसलो होतो. हे जुन्या पायातले दगड. १९९९ नंतर त्यांच्यावर दीपगृह राखणाऱ्या ८३ जणांची नावं कोरली आणि ते मुद्दाम मूळ जागी, पुळणीवर, गोल मांडून ठेवले, निदान एवढी खूण तिथे राहावी म्हणून. दर वादळात ते वाळूखाली गाडले जायचे, मग उकरायचे, पुन्हा गाडले जायचे. २०१५ मध्ये शेवटी तेही उचलले आणि मनोऱ्यामागोमाग इकडे आणले. लेक एका नावावरून बोट फिरवत अक्षरं जुळवत होती, आणि मला विचारत होती की यांना आणताना पण साबण लावला होता का.